मिनेझांग वाचायला कसे घ्यावे

गोव्यात गावोगावी वाचकमंडळे चालतात. संतकाव्य, पंडिती आख्याने, नाट्यपदे, आधुनिक कविता असे बरेच काही तिथे मोठ्याने वाचले जाते आणि त्यावर हिरिरीने चर्चाही होते. अशा एखाद्या मंडळाने जून ते सप्टेंबर हे पावसाळ्याचे चार महिने मध्ययुगीन जर्मन दरबारी प्रेमकवितेला द्यावेत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. त्या कवितेला ‘मिनेझांग’ म्हणतात. साधारण ११५० ते १३५० या दोन शतकांत जर्मनभाषक प्रदेशातले सरदार, त्यांच्या पदरचे योद्धे आणि पोटासाठी दरबारोदरबारी फिरणारे गायक यांनी ती रचली आणि सभेपुढे गाइली. तिची भाषा आजची जर्मन नव्हे, मध्य उच्च जर्मन होय. आजच्या जर्मन वाचकालाही ती बहुधा भाषांतराच्या आधारानेच वाचावी लागते, तेव्हा आपल्याला जर्मन येत नाही म्हणून मागे राहण्याचे कारण नाही.

ही गाणी प्रेमपत्रे नव्हेत, हे आधीच मनाशी पक्के करावे. कवी जिची आळवणी करतो तिचे नाव तो सांगत नाही, तिच्या घरादाराचा पत्ता लागू देत नाही, आणि पुष्कळदा ती सभेत बसली आहे की नाही हेही कळत नाही. ऐकणारी सभा मात्र कडव्याकडव्यात हजर असते. त्या सभेला आधीच्या कवींची गाणी ठाऊक होती, आणि नवा कवी उभा राहिला की तो त्या गाण्यांना उत्तर देत असे, कधी मान देऊन तर कधी टोला हाणून. म्हणूनच यातली एकेकटी कविता वाचली तर तेच नभ, तोच वसंत आणि तोच विरह पुन्हापुन्हा आल्यासारखे वाटते. जोडीजोडीने वाचली तर एक लांबलेला वाद ऐकू येऊ लागतो. यापुढची सगळी कृती या एका समजुतीवर उभी आहे. प्रत्येक गाण्यापाशी थांबून दोन प्रश्न विचारावेत : इथे कोण बोलत आहे, आणि हे कोणाला उत्तर आहे?

साहित्य आणि पूर्वतयारी

शोध घेऊ लागताच सर्वांत आधी समोर येते ते ‘कोडेक्स मानेसे’ हे हस्तलिखित. ते साधारण १३०० ते १३४० या काळात झ्युरिकमध्ये तयार झाले. त्यात ४२६ चर्मपत्री पाने, १४० कवींची गाणी आणि १३७ पानभर चित्रे आहेत. हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयात ते जपलेले असून त्याचे प्रत्येक पान इंटरनेटवर विनामूल्य पाहता येते. मूळ पान सुमारे ३५.५ सेंटिमीटर उंच आणि २५ सेंटिमीटर रुंद आहे, त्यामुळे ए-थ्री आकाराच्या कागदावर ते मूळ मापात छापता येते. मोबाइलच्या पडद्यावर पाहण्यापेक्षा दोन-तीन पाने अशी छापून सभासदांच्या हातात द्यावीत, कारण रंगांची आणि अक्षरांची दाटी हातात धरल्यावरच जाणवते.

या ग्रंथाविषयी दोन सावधगिरीच्या सूचना मात्र तेव्हाच द्याव्यात. त्यातली क्रमवारी काळाची नाही, मानमरातबाची आहे : आरंभी सम्राट सहावा हाइनरिख, मग राजे, सरदार, आणि शेवटी बिरुदे नसलेले गायक. तो ग्रंथ क्रमाने वाचत गेल्यास परंपरा कशी बदलली हे कधीच कळणार नाही. दुसरे असे की त्यात चाली नाहीत, आणि थोर कवींच्या मृत्यूनंतर अनेक दशकांनी काढलेली ती चित्रे त्यांच्या हयातीची साक्ष देत नाहीत. वाल्टर फॉन डेअर फोगेलवाइडे या कवीचे चित्र पाहावे : दगडावर बसलेला, पायावर पाय टाकलेला, गुडघ्यावर कोपर आणि तळहातावर हनुवटी. चित्रकाराने हे सगळे त्याच्याच एका कवितेच्या पहिल्या ओळींतून उचलले आहे. कवी कसा दिसत होता हे त्याला ठाऊक नव्हते, कविता ठाऊक होती.

उच्चारासाठी अर्धा तास पुरतो. आपल्या लिपीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे लिहिता येत असल्याने मूळ ओळी देवनागरीत उतरवून घेणे सोपे जाते. ज्या स्वरावर टोपीसारखी खूण असेल तो दीर्घ म्हणावा, ‘इए’ आणि ‘उओ’ या जोड्यांतले दोन्ही स्वर ऐकू येऊ द्यावेत, आणि ओळ घाईने संपवू नये. पहिल्या बैठकीतल्या लहान रचना सोडल्या तर दर बैठकीला दोन गाण्यांहून अधिक गाणी घेऊ नयेत.

पहिली बैठक : किल्ली आणि ससाणा

आरंभासाठी सहा लहान ओळींच्या एका निनावी रचनेइतके चांगले काही नाही. बव्हेरियातल्या टेगर्नझे येथील मठाच्या बाराव्या शतकातील हस्तलिखितात, एका स्त्रीच्या तोंडी असलेल्या लॅटिन पत्राच्या शेवटी, अचानक जर्मन ओळी येतात : ‘डू बिस्ट मीन, इख बिन डीन’. तू माझा, मी तुझी, याची खात्री बाळग. माझ्या काळजात तू कुलूपबंद आहेस, किल्ली हरवली आहे, आता तुला कायम आतच राहावे लागणार. एवढेच. ही रचना सर्वांनी एकेकदा मोठ्याने म्हणावी. अनोळखी भाषेची भीती इथेच जाते.

मग क्यूरेनबेर्गर घ्यावा. डॅन्यूबच्या खोऱ्यातला हा कवी साधारण ११६०च्या सुमारास रचना करत होता. त्याचे ससाण्याचे गाणे दोनच कडव्यांचे आहे. मी एक ससाणा वर्षाहून अधिक काळ वाढवला, मला हवा तसा माणसाळवला, त्याची पिसे सोन्याने सजवली; तेव्हा तो उंच उठला आणि दुसऱ्या मुलखात उडून गेला. त्यानंतर मी त्याला देखणे उडताना पाहिले; पायात रेशमी दोऱ्या होत्या, पिसारा सोन्याने लाल झाला होता; ज्यांना एकमेकांचे व्हायचे आहे त्यांना देव एकत्र आणो. इथे मंडळाला घाई करू देऊ नये. बोलणारी स्त्री आहे की पुरुष? त्या रेशमी दोऱ्या तिनेच बांधलेल्या आहेत की आता दुसऱ्या कोणाच्या हातच्या आहेत? ससाणा म्हणजे प्रियकर, की निरोप नेणारा पक्षी, की खरोखरच एक ससाणा? अभ्यासकांत या प्रत्येक प्रश्नावर मतभेद आहेत, आणि गाणे कोणत्याही एका उत्तराला आपला हात देत नाही. ‘गाथासप्तशती’तल्या दोन ओळींच्या गाथा ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना हे न बोलता राहिलेले अंतर ओळखीचे वाटेल, तिथेही बोलणारी बहुधा स्त्री असते आणि सांगायचे ते वस्तूंच्या आडून सांगितले जाते.

या गाण्याच्या ओळी लांब आहेत आणि प्रत्येक ओळ मध्यावर थांबते. ‘नीबेलुंगेनलीड’ या महाकाव्याचे कडवेही याच बांधणीचे आहे. वाचताना तो विसावा पाळावा. तो गाळला तर गाण्याचा अर्धा अर्थ हातातून जातो.

त्याच कवीची आणखी दोन कडवी त्याच बैठकीत जोडीने वाचावीत. पहिल्यात एक स्त्री म्हणते, काल रात्री उशिरा मी तटावर उभी होते, गर्दीतून एक योद्धा क्यूरेनबेर्गच्या चालीत सुरेख गाताना ऐकला. त्याने माझा मुलूख सोडावा, नाहीतर मी त्याला आपला करीन. दुसऱ्यात तो योद्धा सेवकाला सांगतो, माझा घोडा आणि चिलखत आण, एका स्त्रीपायी मला हा मुलूख सोडायचा आहे. दोघेही एकमेकांशी थेट बोलत नाहीत; दोन स्वगते शेजारी ठेवलेली आहेत. एका स्त्रीने आणि एका पुरुषाने ही दोन कडवी खोलीच्या दोन टोकांना उभे राहून म्हणावीत. गावच्या उत्सवी नाटकात काम केलेले सभासद बहुतेक मंडळांत असतातच, त्यांच्याकडे हे काम द्यावे. मुलूख तिचा आहे, हुकूम तिचा आहे आणि इच्छाही तिचीच आहे, हे सर्वांच्या लक्षात राहायला हवे, कारण पुढच्याच बैठकीत हे सगळे उलटे होणार आहे.

चाल बाहेरून येते

११७०च्या आसपास फ्रान्सच्या दक्षिणेतले त्रुबादूर आणि उत्तरेतले त्रुव्हेर या कवी-गायकांची गाणी ऱ्हाइन नदीच्या बाजूने जर्मन दरबारांत शिरली. सम्राट फ्रीडरिख बार्बारोसाने ११८४ मध्ये माइन्त्स येथे आपल्या दोन मुलांच्या शस्त्रदीक्षेचा जो प्रचंड सोहळा केला, त्याचे वर्णन हाइनरिख फॉन फेल्डेके या कवीने आपल्या काव्यात केले आहे. त्या दोन मुलांतला थोरला म्हणजे मानेसे ग्रंथाच्या आरंभी येणारा सहावा हाइनरिख. असे दरबार हे या देवाणघेवाणीचे घर होते. जर्मन कवींनी परक्या गाण्यांची कडव्यांची बांधणी घेतली, आणि बांधणीबरोबर अनेकदा चालही. मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. नाट्यपदाच्या डोक्यावर जुन्या चिजेचा किंवा पदाचा निर्देश ‘चाल’ म्हणून छापलेला आपण नेहमी पाहतो, आणि ओळखीच्या सुरावर नवे शब्द बसले की श्रोत्याच्या कानात दोन्ही पदे एकाच वेळी वाजतात; मिनेझांगच्या श्रोत्याचेही तसेच होत असे.

नव्या कडव्याचा साचा असा : एकाच चालीचे दोन समान भाग आणि त्यानंतर वेगळ्या चालीचा तिसरा. पेन्सिल घेऊन ओळींच्या शेवटची यमके जुळवली की हे तीन भाग आपोआप सुटे होतात. हा सराव प्रत्येकाने निदान एकदा स्वतः करावा, कारण तिसऱ्या भागात बहुधा विचार वळण घेतो.

मात्र बदलली ती केवळ बांधणी नव्हे. तटावरची हुकूम सोडणारी स्त्री आता उंच जागी जाऊन बसते आणि गप्प होते. पुरुष तिची चाकरी करतो, मोबदल्याची आशा धरतो, मोबदला मिळत नाही, आणि चाकरीतच आपण सुधारतो असे म्हणतो. या वळणासाठी फ्रीडरिख फॉन हाउसेनचे एक गाणे पुरेसे आहे. माझे हृदय आणि माझे शरीर आता वेगळे होऊ पाहतात, असे तो म्हणतो. शरीराला धर्मयुद्धावर जाऊन लढायचे आहे आणि हृदयाने एका स्त्रीची निवड केली आहे. हा योद्धा बार्बारोसाबरोबर तिसऱ्या धर्मयुद्धाला गेला आणि मे ११९०मध्ये आशिया मायनरमध्ये लढताना मरण पावला. मृत्यूची ही हकिगत मंडळाला सांगावी, पण गाणे दोनदा वाचून झाल्यावर; आधी सांगितली तर गाण्यातला युक्तिवाद कोणी ऐकत नाही.

ज्यांना पोर्तुगीज येते अशी वडीलधारी मंडळी गोव्यात अजून आहेत, आणि त्यांना या टप्प्यावर आवर्जून बोलवावे. त्याच शतकांत इबेरियाच्या पश्चिमेला गालिसियन-पोर्तुगीजमध्ये ‘कांतिगा द आमिगु’ रचल्या गेल्या. कवी पुरुष, पण बोलणारी मुलगी. पोर्तुगालच्या राजा दिनीशनेही अशा रचना केल्या आहेत. जर्मन दरबारात स्त्री गप्प झाली असता तिकडे ती समुद्राकाठी उभी राहून बोलत होती, हे शेजारी ठेवून पाहिल्याने दोन्ही परंपरा अधिक स्वच्छ दिसतात.

राइनमार आणि वाल्टर

सर्वाधिक वेळ इथे द्यावा, दोन-तीन बैठका तरी.

राइनमार हा व्हिएन्नाच्या दरबाराशी जोडलेला कवी. तो पहिल्या वाचनात कंटाळवाणा वाटतो, कारण त्याच्या गाण्यात निसर्ग नाही, घटना नाही, फक्त दुःखाचा बारीक विचार आहे. त्याला वाचण्याची युक्ती त्यानेच सांगून ठेवली आहे. एका गाण्यात तो म्हणतो की मला एकाच गोष्टीत निष्णात म्हणवून घ्यायचे आहे : आपले दुःख माझ्याइतके सुंदर रीतीने कोणी सोसू शकत नाही. म्हणजे दाद मागितली आहे ती स्त्रीकडून नव्हे, सभेकडून, आणि ती सोसण्याबद्दल नव्हे, सोसण्याच्या रीतीबद्दल. हे एकदा उमगले की त्याची कसरत दिसू लागते आणि गाणे जिवंत होते. ऑस्ट्रियाचा ड्यूक पाचवा लेओपोल्ड ११९४च्या अखेरीस वारला, तेव्हा राइनमारने त्याच्या विधवेच्या तोंडी घातलेला शोकही जरूर वाचावा. लोक म्हणतात उन्हाळा आला, पण मला त्याचे काय, अशी त्याची सुरुवात आहे, आणि तिथे त्याचा संयम खरोखर हलवून सोडतो.

आता जोडी. एका गाण्यात राइनमार आपल्या स्त्रीची इतकी थोरवी गातो की तिच्यापुढे इतर सगळ्या स्त्रियांना बुद्धिबळातली मात बसली, असा सूर लागतो. त्याच गाण्यात पुढे तो म्हणतो की तिचे एक चुंबन चोरावे, आणि ते तिला रुचले नाही तर जिथून घेतले तिथेच परत ठेवावे. वाल्टरने या दोन्ही गोष्टींना एका गाण्यात, आणि राइनमारच्याच चालीत, उत्तर दिले. मानेसे ग्रंथात वाल्टरच्या त्या गाण्याच्या डोक्यावर राइनमारच्या गाण्याची पहिली ओळ देऊन ‘या चालीत’ असे स्पष्ट लिहिलेले आहे. त्या गाण्यात वाल्टर दुसरे कडवे चक्क स्त्रीला देतो. ती म्हणते, ज्याला माझे चुंबन हवे त्याने ते सभ्यपणे मिळवावे; चोरून घेतले तर तो कायमचा माझा चोर ठरेल, मग ते त्याने स्वतःकडेच ठेवावे आणि हवे तिथे नेऊन टाकावे. गप्प बसवलेली स्त्री अशी परत बोलू लागते, आणि तेही गप्प बसवणाऱ्याच्याच सुरात! दोन्ही गाणी एकापाठोपाठ एक वाचल्याशिवाय ही गंमत आणि हा घाव, दोन्ही हाती लागत नाहीत. राइनमार वारल्यावर वाल्टरने त्याच्यासाठी शोकगीत रचले, आणि त्यातही सांगितले की माणूस म्हणून तुझ्यासाठी मी फारसा रडलो नसतो, मी रडतो तो तुझ्या कलेसाठी. इतकी स्वच्छ श्रद्धांजली मला दुसरीकडे क्वचितच आढळली आहे.

वाल्टरचे पुढचे पाऊल अधिक धीट आहे. ‘उंडर डेअर लिंडेन’ या चार कडव्यांच्या गाण्यात एक मुलगी सांगते की लिंडेनच्या झाडाखाली आमची शेज होती, मोडलेली फुले आणि गवत अजून तिथे दिसेल. मधूनमधून ‘टांडाराडाय’ असा बुलबुलाच्या जातीच्या पक्ष्याचा सूर येतो. कोणाला कळले तर मला लाज वाटेल, असे ती म्हणते, आणि ते म्हणत म्हणतच सगळ्या सभेला सांगून टाकते. दुसऱ्या एका गाण्यात कवी स्वतः एका साध्या मुलीशी बोलतो. उच्चकुलीन स्त्रीला आदरार्थी ‘आपण’ म्हणणारी रीत इथे सुटते, तो तिला ‘तू’ म्हणतो, आणि तिच्या बोटातली काचेची अंगठी राणीच्या सोन्यापेक्षा आपल्याला अधिक मोलाची असल्याचे सांगतो. मराठी भाषांतर करताना हा तू-आपणचा फरक कसोशीने पाळावा.

हा कवी आश्रयावर जगत होता. १२ नोव्हेंबर १२०३ रोजी पासाऊचा बिशप वोल्फगर याच्या प्रवासखर्चाच्या हिशेबात गायक वाल्टरला फरच्या कोटासाठी पाच सोलिडी दिल्याची नोंद आहे. त्याच्या हयातीतल्या कागदपत्रांत त्याचे नाव एवढ्या एकाच ठिकाणी सापडते.

पहाटेची गाणी

परंपरा बदलते कशी, हे एकाच प्रसंगावर तपासायचे असेल तर पहाटेची गाणी घ्यावीत. प्रसंग ठरलेला : रात्र एकत्र काढलेले दोघे, उजाडते, निघायला हवे. डीटमार फॉन आइस्टच्या गाण्यात लिंडेनच्या फांदीवरचा लहान पक्षी त्यांना जागे करतो. हाइनरिख फॉन मोरुंगेनच्या गाण्यात दोघे आळीपाळीने, पण वेगवेगळे, ती रात्र आठवतात आणि प्रत्येक कडवे ‘तेव्हा उजाडले’ या अर्थाच्या ओळीवर संपते. वोल्फ्राम फॉन एशेनबाखने पहारेकऱ्याला बोलते केले. त्याच्या प्रसिद्ध गाण्याच्या पहिल्याच ओळीत दिवस हा शिकारी पक्ष्यासारखा ढगांत नख्या रोवून वर येतो. याच वोल्फ्रामने दुसऱ्या गाण्यात पहारेकऱ्याला गप्प राहायला सांगून म्हटले आहे की घरच्या लग्नाच्या बायकोपाशी असणाऱ्याला पहाटे पळावे लागत नाही. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात श्टाइनमारने तर सारा प्रसंग गवतात नेला : गडी आणि मोलकरीण झोपलेली आहेत, आणि पहारेकऱ्याच्या जागी गुरे सोडा म्हणून ओरडणारा गुराखी आहे. ही गाणी एकाच संध्याकाळी ओळीने वाचावीत. दोन गाण्यांचा नियम तेवढ्यापुरता मोडावा.

गावाकडे, आणि त्यापुढे

नाइटहार्टने तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात दरबारी गाणे खेड्यात नेले. त्याची उन्हाळी गाणी अंगणातली आहेत, तिथे नाचायला जायचे की नाही यावर आई आणि मुलगी भांडतात. हिवाळी गाण्यांत नाच घरात होतो आणि योद्धा-गायकाची गावातल्या तरण्याबांड शेतकऱ्यांशी चुरस लागते. एंगेलमार नावाच्या शेतकऱ्याने फ्रीडेरूनचा आरसा हिसकावल्याची तक्रार तो पुन्हापुन्हा करतो. इथे मंडळाने एक भान ठेवावे : हे खेड्याचे गाणे खेडुतांसाठी नव्हे, दरबारासाठी रचलेले आहे, आणि त्यातले हसू शेतकऱ्याच्या अंगावर पडते. ते लक्षात ठेवूनही गाणी रंगतात, आणि त्यांच्या पुष्कळशा चाली टिकल्या असल्याने ती ऐकताही येतात. वाल्टरच्या धर्मयात्रेच्या गाण्याची चालही एका तुटक हस्तलिखितात सापडली आहे. मात्र जुन्या लिपीत स्वर लिहिलेले असतात, लय बहुधा नसते. म्हणून एकाच गाण्याची दोन वेगळ्या गायकांची ध्वनिमुद्रणे ऐकवावीत, म्हणजे लय ही आजच्या कलावंताची निवड आहे हे कानानेच कळते.

उलरिख फॉन लिख्टेनश्टाइनचे १२५५चे आत्मकथनपर काव्य लांबलचक आहे, त्यातला १२२७चा व्हीनस देवीच्या वेषातला प्रवास तेवढा वाचावा. हाडलाउब आणि १३१८मध्ये माइन्त्सला वारलेला फ्राउएनलोब यांना एकेक गाणे पुरे. शेवटच्या बैठकीसाठी ओस्वाल्ड फॉन वोल्केनश्टाइन राखून ठेवावा. तो १४४५मध्ये वारला, म्हणजे काळाने मिनेझांगच्या पलीकडचा. पण जुनी पहाटेची गाणी त्याला येत होती, आणि त्याच साच्यांत त्याने आपली बायको मार्गारेटे हिला ‘ग्रेट’ अशी नावाने हाक मारली. दोनशे वर्षे न सांगितलेले नाव इथे उघड होते. त्याने आपली गाणी चालींसह लिहवून घेतली, आणि १४३२च्या प्रतीत एक डोळा मिटलेले त्याचे स्वतःचे चित्र आहे. त्याचे एक पहाटेचे गाणे वोल्फ्रामच्या नख्यांच्या गाण्याशेजारी ठेवून वाचावे, आणि त्याच बैठकीत प्रत्येकाने आपापले मराठी भाषांतर वाचून दाखवावे : आधी सरळ गद्यात, मग जमल्यास तीन भागांच्या त्याच साच्यात. ज्यांना त्यापुढे जायचे असेल त्यांनी न्यूरेंबर्गच्या हान्स झाक्सकडे वळावे. तिथे तोच साचा शहरातल्या कारागिरांच्या हाती जातो आणि विषय पुष्कळदा बायबलचा होतो. त्यासाठी वेगळा पावसाळा लागेल.